फेस टिकेपर्यंत

माझ्या बहिणीच्या डाव्या पायाकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते दवाखान्यातल्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. तोपर्यंत तो पाय माझ्यासमोरून हजारदा गेला असेल. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती तेरा. वडील शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या बागेत दिवसभर राबायचे. मला आंघोळ घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं तीच करायची. मी तिला बाई म्हणायचो. आमच्याकडे मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. पुढे तिचं लग्न अकोल्याला झालं, मोर्णेच्या काठी भाजीचा मळा असलेल्या घरात, आणि मी शिकून अमरावतीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून लागलो.

सुटी मिळाली की मी तिच्याकडे जायचो. सकाळी ती मळ्यात चिखलपाण्यात उभी राहून दारं धरायची, एका वाफ्याचं पाणी तोडून दुसऱ्यात सोडायची. ऊन चढलं की मेथी, पालक, कोथिंबीर पाटीत भरून पाटी डोक्यावर घ्यायची आणि अकोल्याच्या गल्ल्या पालथ्या घालायची. पाच लेकरं झाली, पण प्रत्येक वेळी सव्वा महिना काय तो ती घरात बसली असेल.

त्या दिवशी ती ओसरीच्या कडेला बसून पाय धूत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं. पोटरीच्या मागून करंगळीएवढी जाड नस वळणं घेत घोट्यापर्यंत उतरली होती. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट तपकिरी झाली होती, आणि तिथेच एका जागी ती इतकी पातळ की आतलं निळं रक्त जवळजवळ उघडंच दिसत होतं.

"बाई, हे कवापासून हाय?"

"हे? तिसऱ्या लेकराच्या वक्तापासून. काही नाही रे. निजलं का उतरते."

"दुखते?"

"संध्याकाळी जड होते. जसा पाय माहा नाहीच, दुसऱ्या कोनाचा बांधून दिला." ती हसली आणि लुगडं खाली ओढलं. लहान भावानं पाय पाहावा हे तिला रुचलं नव्हतं.

असे पाय आमच्या दवाखान्यात येत असत. माझे डॉक्टर मुंबईला शिकलेले होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, कुणावर आवाज न चढवणारे. फुगलेल्या नसांवर त्यांच्याकडे एक औषध होतं, माशाच्या तेलापासून केलेलं. ते नसेत टोचलं की नसेची आतली भिंत पोळते, सुजते, भिंतीला भिंत चिकटते आणि नस बंद पडते. मग रक्त आपलं आतल्या चांगल्या नसांतून जातं. बारीक नसांना गुण यायचा. जाड नसांना येत नसे, कारण औषध आत जाऊन रक्तात मिसळायचं आणि पातळ होऊन वाहून जायचं. एका शाळेतल्या कवायत मास्तरांच्या जाड नसेत डॉक्टरांनी जास्त औषध टोचून पाहिलं. थोडं बाहेर सांडलं आणि रुपयाएवढी कातडी काळी पडून गळाली. ती भरून यायला तीन महिने लागले. त्यानंतर जाड नसांना डॉक्टर हात लावीनात.

त्यातच दुसरी मोठी लढाई सुरू झाली. परदेशी औषधं यायची बंद झाली. आमच्या कपाटात त्या औषधाच्या मोजक्या बाटल्या उरल्या.

डॉक्टरांकडे एक परदेशी वैद्यकीय मासिक यायचं, बोटीनं, चार-चार महिने उशिरानं. एका दुपारी ते वाचता वाचता त्यांनी मला हाक मारली. "अहो कंपाउंडर, हे पाहा. कुणीतरी औषधाची बाटली हलवून त्याचा फेस केला आणि तो नसेत टोचला. फेस रक्ताला पुढे ढकलतो म्हणे. थोडंसं औषध, पण सगळ्या भिंतीला लागतं."

मी मजकूर दोनदा वाचला. माझ्या डोळ्यांपुढे बहिणीची पोटरी होती.

त्याच दिवशी आम्ही करून पाहिलं. रबरी बुचाच्या बाटलीत थोडं औषध घेतलं, जोरजोरात हलवलं, आणि वर आलेला पांढरा फेस काचेच्या पिचकारीत ओढला. मी आकडे मोजू लागलो. वीस म्हणेपर्यंत पिचकारीच्या तळाशी पाणी साचलं. तिशीपर्यंत वर मोठमोठे बुडबुडे राहिले आणि पन्नासला पाहावं तर अर्धी पिचकारी हवा आणि खाली चमचाभर औषध.

"ही हवा नसेत गेली तर?" मी विचारलं.

"म्हणूनच टोचायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "फेस बारीक हवा, आणि नसेत जाऊन बसेपर्यंत तरी टिकायला हवा. तुमच्या हाताला हे काम जमेल. वेळ मिळेल तसं करून पाहा. माणसाला मात्र मी सांगेपर्यंत नाही."

ते काम माझं झालं. मी आयुष्यात दुसरं कुठलंच काम इतक्या मन लावून केलेलं नाही. दुपारी रोगी संपले की मी मागच्या खोलीत बाटली घेऊन बसायचो. औषध वाया जाऊ नये म्हणून तेच तेच पुन्हा वापरायचो. ग्लिसरीन घालू का, असं एकदा विचारलं. बाभळीच्या डिंकाचं पाणी घालू का, असंही विचारलं. डॉक्टर म्हणाले, "रक्तात जाणारी वस्तू आहे. तिच्यात घरचं काही मिसळायचं नाही." मग माझ्या हाती उरलं ते एवढंच: हवा किती, औषध किती, हलवायचं कसं, आणि पिचकारी किती स्वच्छ. पिचकारीला तेलाचा अंश राहिला की फेस भराभर मोडायचा हे मला महिन्याभरानं कळलं. उन्हाळ्यात तर बाटलीतून पिचकारीत येईस्तोवर तो मरायचा. एकदा बर्फात बाटली ठेवून पाहिली, तर औषध दह्यासारखं थिजलं.

अकोल्याला गेलो की मी बाईला हे सगळं सांगायचो. ती भाजीच्या जुड्या बांधत ऐकायची. मी तिला नसेचं गणित तिच्या पाटाच्या पाण्यावरून समजावलं होतं. वाहत्या पाटात चिमूटभर रंग टाकला तर वाहून जातो. पण आधी पाणी हटवलं तर तोच रंग पाटाच्या कडांना लागतो.

"म्हंजे दारं धरल्यावानी," ती म्हणाली.

"अगदी तसंच. पन तो फेस टिकतच नाही ना, बाई."

ती तेव्हा थोरल्या मुलीचे केस धूत होती. घंगाळात रिठ्याचं पाणी होतं. तिनं माझ्याकडे न पाहताच सांगितलं, "तू हलवत असशील धसमुसळ्यावानी. रिठे गरम पान्यात खळबळले तं फेस मोठा येते आन् लगेच जाते. गार पान्यात, हळू हळू घोटला, घोटतच राहिला, तं कसा लोन्यावानी होते. हे पाह्य." तिनं पाण्यात हात घालून बोटं फिरवली आणि घट्ट, बारीक फेसाचा गोळा मुलीच्या डोक्यावर ठेवला. मुलगी न्हाऊन उठली, बाईनं दुसरी घागर आणली, तरी तो गोळा घंगाळाच्या काठाला तसाच होता.

मी परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत त्याचाच विचार करत होतो. दुसऱ्या दिवशी बाटली माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. थिजणार नाही इतकीच गार. हलवणं सोडलं. दोन पिचकाऱ्यांची तोंडं रबरी नळीच्या तुकड्यानं जोडली, एकीत औषध, दुसरीत हवा, आणि एकीतून दुसरीत, दुसरीतून पहिलीत असं घोटत राहिलो. पंधरा-वीस वेळा झाल्यावर पाहतो तर पिचकारीत सायीसारखं पांढरं दाट काहीतरी होतं. बुडबुडा म्हणून दिसत नव्हता. मी मोजायला लागलो. शंभर झाले तरी तळाशी पाणी नव्हतं. मी धावत जाऊन डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून पिचकारी उजेडात धरली आणि कितीतरी वेळ पाहत राहिले.

"हे कुठे वाचलंत?"

"माझ्या बहिणीनं सांगितलं," मी म्हणालो. तेवढ्यानं मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

डॉक्टरांनी पहिल्यांदा हा फेस कापसाच्या एका जिनात उभ्यानं काम करणाऱ्या माणसाला दिला. अगदी थोडा, पाय उंच ठेवून. त्याला खोकल्याची ढास आली, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं झालं असं तो म्हणाला. डॉक्टरांनी त्याला तासभर निजवून ठेवलं आणि त्याची नाडी धरून बसले. मग सगळं निवळलं. पंधरा दिवसांनी त्याची अंगठ्याएवढी नस दोरीसारखी कडक झाली होती आणि रक्त तिच्यात शिरत नव्हतं. तो माणूस स्वतःच्या पोटरीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होता.

पोळा झाला होता. डॉक्टर मला म्हणाले, "आता तुमच्या बहिणीला घेऊन या. अजून चार-पाच जणांपुरतं औषध आहे. तिचं करून टाकू."

इथपर्यंत मी हे कुणालाही सांगू शकतो. आजवर सांगतही आलो. पुढचं मी फार थोड्यांना सांगितलं आहे.

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, थोडं थांबू. अजून हा फेस दीडशेच्या पुढे जात नाही. तिची नस फार जाड आहे."

"दीडशे पुष्कळ झाले. नस भरायला पन्नासही लागत नाहीत."

"जिनातल्या माणसाला ढास आली. फेस आणखी बारीक झाला तर तेही होणार नाही. मला दिवाळीपर्यंत वेळ द्या."

त्यात तिची काळजी होतीच. पण तेवढीच नव्हती. मला तो फेस माझ्या मनासारखा हवा होता. माझ्या बाईला जे टोचलं जाईल त्यात एकही खोट नको होती, आणि ते मी केलेलं असावं, असं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बहीण तुमची आहे." मग त्यांनी तो विषय काढला नाही.

मी अकोल्याला जाऊन बाईला सांगितलं. ती यायला तयार बसली होती. एका लुगड्याची घडी वेगळी काढून ठेवली होती, दवाखान्यात नेसायला. माझं बोलणं ऐकून तिनं ती घडी पुन्हा पेटीत ठेवली.

"बरं. तू म्हनशील तसं. आता झेंडूचाही हंगाम हाय. दसऱ्याची फुलं टाकून मी कशी येऊ? भाऊबीजेले तू येशीलच, तवाच तुह्यासंगं येतो."

"तोवर फेस दोनशेच्या वर जाते, पाह्य तू."

"जाईल नं. तुह्या हातात हाय थे." आणि मी निघताना तिनं मला दहीभात बांधून दिला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी दवाखान्यात तार आली. तारेत चार शब्द होते. बहीण वारली, लवकर या. मी मागच्या खोलीत होतो. दोन्ही पिचकाऱ्या जोडलेल्या होत्या आणि मी एकशे ऐंशीच्या पुढे मोजत होतो.

गाडीत मला वाटत होतं की ताप असेल, पटकी असेल, साप चावला असेल. त्या पायाचा विचार एकदाही मनात आला नाही.

मी पोचलो तेव्हा तिला ओसरीवर ठेवलं होतं. चेहरा पांढराफटक. मी अनेक मेलेली माणसं पाहिली होती, पण इतका रंग गेलेला चेहरा पाहिला नव्हता. पायाशी चादर होती. मी ती वर केली. घोट्याच्या आतल्या बाजूला, त्या पातळ जागी, तांदळाच्या दाण्याएवढं भोक होतं. त्यावर हळद भरलेली. गुडघ्याच्या वर सुतळीचा वळ उमटला होता. दवाखान्यात शिकलेलं सगळं मला एका क्षणात आठवलं.

नेमकं कसं झालं ते मला दहाव्या दिवशी कळलं. त्या दिवशी एक बाई बहिणीच्या दारात आली. चांगल्या घरची, माझ्या बहिणीच्याच वयाची. तिच्याच ओट्यावर हे झालं होतं. नऊ वर्षं ती माझ्या बहिणीकडून भाजी घेत होती. ती आत यायला तयार नव्हती. अंगणातल्या बाजेवर टेकली आणि तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं.

माझी बहीण नेहमीप्रमाणे आली. डोक्यावर झेंडूची पाटी, वर मेथीच्या जुड्या. पाटी उतरवताना पाटीच्या बुडाची निघालेली कामटी तिच्या घोट्याला लागली. ती 'आई' म्हणाली नाही की काही नाही. दोघी भाजी निवडत बोलत उभ्या राहिल्या. भाजीवर पाणी शिंपडलेलं असायचं, तिचे पाय नेहमीच ओले असायचे. म्हणून पायावरून काहीतरी ओघळतंय हे तिला जाणवलं असेल तरी तिनं पाहिलं नाही. मग त्या घरातलं लहान मूल म्हणालं, "लाल पानी!" तोवर ओट्याची पायरी भरली होती.

"मी घाबरली हो, भाऊ," ती बाई म्हणाली. "चिळकांडी उडून राहिली होती. मी म्हनलं बसा, बसा. त्याईले ओट्यावर बसवलं, पाय खाली सोडून, म्हनलं लुगडं खराब नोको व्हाले. पानी दिलं. शेजारचे आले, त्याईनं गुडघ्यावर सुतळी बांधली, की रक्त खाली येऊ नोको. हळद दाबली. थे थांबेच ना. त्या मले म्हने, काही नाही होत, दुखत तं नाही. दुखतच नोहतं त्याईले. मंग म्हने, अंधारी येऊन राहिली. टांगा आनला. दोघीजनी धरून बसलो, सरकारी दवाखान्यापरेंत. उतरवलं तं..."

तिनं पदर तोंडाला लावला. मग वर पाहून तिनं मला विचारलं, "तुमी दवाखान्यात असता. खरं सांगा. माह्यं काही चुकलं का?"

काय चुकलं ते मला ठाऊक होतं. तिला आडवं करायचं होतं. टाच भिंतीला लावून पाय उंच धरायचा होता आणि त्या भोकावर एक बोट दाबून ठेवायचं होतं, बस्स. सुतळीनं तर वर चढणारं रक्त अडलं आणि ते सगळं त्या भोकातून बाहेर पडलं. लहान पोराला सांगितलं असतं तरी जमलं असतं. दवाखान्यात फुगलेल्या नसेचा रोगी आला की हे चार शब्द सांगायचं काम माझंच होतं. डॉक्टरांनी ते मला पहिल्या वर्षी नेमून दिलं होतं. मी ते शेकडो लोकांना सांगितलं होतं. बहिणीला मात्र सांगितलं नव्हतं. तिच्याजवळ बसलो की मी फेसाबद्दलच बोलायचो.

"नाही," मी म्हणालो. "तुमचं काहीच चुकलं नाही. तुमी जे केलं ते बरोबर होतं. तिचं तेवढंच होतं."

"खरं?"

"खरं."

तिनं हात जोडले आणि ती गेली. मी खोटं बोललो याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण तिच्या मागे अंगणाच्या कोपऱ्यात माझे भाऊजी उभे होते. ते सगळं ऐकत होते. कमी बोलणारा माणूस. ती गेल्यावर ते जवळ आले.

"मले तं खरं सांगशील?"

मी त्यांना सांगितलं. आडवं निजवायचं, बोट दाबायचं, सगळं. आणि पोळ्यानंतर डॉक्टर तिला घेऊन ये म्हणाले होते, तेही सांगितलं. 

"मी म्हनलं होतं तिले, जाऊन ये आताच," ते म्हणाले. "झेंडूचं मी पाह्यतो. तं म्हने, नाही, भाऊ थांब म्हनते. त्याले नाराज कशाले करू." मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि ते मळ्याकडे निघून गेले. त्यांनी मला एक शब्दही लागेल असा कधी बोलून दाखवला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी अमरावतीला परतलो. डॉक्टरांनी मला आठ दिवस काम दिलं नाही, नुसतं बसू दिलं. नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, "फेसाचं काय करायचं?"

मी केलं. शेवटची बाटली संपेपर्यंत केलं. तो फेस पुढे तीनशेपर्यंत टिकला. चौघांना तो दिला, चौघांनाही गुण आला. त्यातल्या एकाची नस वर्षभरानं पुन्हा उघडली. लढाई संपल्यावर औषधं मिळू लागली, पण तोवर डॉक्टर थकले होते आणि त्यांनी फेसाचा नाद सोडला. 'हवेचा भरवसा मला अजून वाटत नाही' असं ते म्हणायचे. बारीक नसांना पुन्हा साधं औषध आणि घट्ट पट्टी सुरू झाली. आमचं ते काम कुठे लिहिलं गेलं नाही. मासिकाला कळवा असं मी त्यांना एकदाही म्हटलं नाही, आणि त्यांनीही मला विचारलं नाही.

थोरली भाची आई गेली तेव्हा चौदा वर्षांची होती. पुढे तिचं लग्न अकोल्यातच झालं. दुसरं मूल झाल्यावर ती एका सकाळी नवऱ्याबरोबर आमच्या दवाखान्यात आली. मी न विचारताच तिनं लुगडं वर केलं आणि पोटरी दाखवली. नस अजून बारीक होती. डॉक्टरांनी साधं औषध टोचलं. पट्टी मी बांधली. घोट्यापासून वर, एकसारखी ओढून. बांधता बांधता मी तिला सांगत होतो: रक्त आलं तर आडवी हो, पाय भिंतीला लाव, बोट दाब, घरातल्या सगळ्यांना हे शिकवून ठेव.

ती म्हणाली, "हे मायले ठाऊक नोहतं."

"नाही."

"तुले ठाऊक होतं, मामा?"

मी पट्टीची गाठ मारली. नवरा बाहेर बाकावर बसला होता. मी तिला सगळं सांगितलं, जसं भाऊजींना सांगितलं होतं, आणि भाऊजींना न सांगितलेलंही. तो फेस माझ्या मनासारखा हवा होता म्हणून थांबवलं, हेही.  शेवटी ती म्हणाली, "माय घरोघर सांगत फिरे. माहा भाऊ औषधाचा फेस बनवून राहिला, म्हने. पैला मलेच देनार हाय. बायका हसत तिले, फेसाचं कुठं औषध असते का म्हनून. थे चिडे."

"मले हे कोनी सांगतलं नाही."

"काहून सांगतील?" ती उठून उभी राहिली आणि पाय जमिनीवर टेकवून पट्टी बसते का पाहिलं. "तू तिच्यासाठीच करत होता, मामा. थे मले समजते. पन तिले थांबू शकते का म्हनून तू एकदाही विचारलं नाही. तू सांगतलं. अन् तुह्यं सांगनं तिनं कवा मोडलं नाही."

दर आठवड्याला एक अशी आणखी तीन इंजेक्शनं तिला दिली. तिच्या पायाला गुण आला. त्यानंतरही ती माझ्याकडे यायची, वर्षा-सहा महिन्यांनी, आणि दर वेळी बरोबर एखादी बाई असायची. कुणी भाजीवाली, कुणी जिनात जाणारी, एकदा पातूरची एक म्हातारी फुलवाली, जिला तिनं मोटारीत बसवून आणलं होतं. मी त्या बाईला बाकावर बसवायचो, पाय मांडीवर घ्यायचो, पट्टी बांधायचो आणि रक्त आलं तर काय करायचं ते सांगायचो. भाची दाराशी उभी राहून ऐकायची. मी एखादा शब्द विसरलो तर ती तो तिथूनच सांगायची. काम झालं की बाईला हाताला धरून उतरवायची, "येतो, मामा," म्हणायची, आणि चहाला थांबायची नाही.